वाऱ्याचा कान

भूगोलाच्या बाईंनी जग पाहिलेलं असतं, अशी मुलांची एक गोड समजूत असते. मी माण तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये ३४ वर्षं भूगोल शिकवला. सहारा शिकवला, गोबी शिकवलं, कलहारी शिकवलं. प्रत्यक्षात माझी धाव पूर्वेला पंढरपूर आणि पश्चिमेला रत्नागिरी, एवढीच. पण खडू हातात आला, की मी उंटावर बसून निघालेच म्हणून समजा.

त्यातही माझा हातखंडा धडा म्हणजे 'वाऱ्याचे कार्य'. खनन, वहन, संचयन. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात भूछत्र खडक, मधोमध बारखाण आणि उजवीकडे मेसा आणि ब्यूट. सपाट माथ्याचा ऐसपैस डोंगर म्हणजे मेसा. तोच चहूबाजूंनी झिजत झिजत बुरुजाएवढा उरला, की ब्यूट. "पॉलिश पेपरनं लाकूड घासावं, तसा वारा वाळूच्या कणांनी खडक घासतो," हे माझं ठरलेलं वाक्य. उत्तरपत्रिकांतून ते दर वर्षी जसंच्या तसं मला परत मिळायचं आणि मी समाधानानं पाचापैकी चार गुण द्यायची.

एकदाच एका मुलानं मला अडवलं होतं. १९८२ किंवा ८३ साल असावं. मेंढपाळाच्या घरचा, मागच्या बाकावर बसणारा पोरगा. "बाई, वारं तर आपल्याकडं बी लई सुटतंय. मग आपलं डोंगर बी वाऱ्यानंच कापल्यात व्हय?" खिडकीतून शंभू महादेवाच्या रांगेतले सपाट माथ्याचे डोंगर दिसत होते. मला उत्तर सुचेना. तास संपायला पाच मिनिटं होती. "पुस्तकात आहे तेवढं लिही," असं म्हणून मी त्याला खाली बसवलं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे ऑक्टोबर २०२३ मधली एक दुपार. माझा मुलगा ॲरिझोना राज्यात फिनिक्सला असतो. मी त्याच्याकडे गेले आणि महिनाभर घरात बसून कंटाळले, तेव्हा तो म्हणाला, "आई, चल, तुला तुझा फळा दाखवतो."

हा फळा म्हणजे मॉन्युमेंट व्हॅली. नाव ऐकलं नसेल, तरी तुम्ही ती पाहिलेली आहे. ॲरिझोना आणि यूटा या राज्यांच्या सीमेवरचं हे लाल वाळवंट. जॉन फोर्ड या दिग्दर्शकानं १९३९ च्या 'स्टेजकोच' या चित्रपटात ते पडद्यावर आणलं आणि तेव्हापासून घोडा, बंदूक आणि मागे लाल सुळके हे चित्र जगाच्या डोक्यात पक्कं बसलं. 'फॉरेस्ट गंप'मधला नायक धावता धावता जिथं एकाएकी थांबतो, तो रस्ताही इथलाच.

एक तास कुठं गेला?

आदल्या रात्री आम्ही पेज नावाच्या गावात मुक्काम केला. तिथून व्हॅली साधारण दोन तासांवर. नऊ वाजताच्या सहलीची नोंदणी केलेली. मी, मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात, असे चौघं पावणेसातला निघून पावणेनऊला दारात हजर झालो. वेळेआधी पोचल्याचा आनंद चेहऱ्यावर घेऊन खिडकीपाशी गेलो, तर तिथल्या घड्याळात पावणेदहा वाजले होते! गाडी कधीच निघून गेली होती.

झालं होतं ते असं. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात. ॲरिझोना राज्य मात्र ती करत नाही. पण या राज्याच्या ईशान्य भागात नवाहो लोकांचा प्रदेश आहे. तो यूटा आणि न्यू मेक्सिकोतही पसरलेला आहे आणि तिथं घड्याळं पुढे करतात. म्हणजे रस्त्यात कुठं तरी आम्ही नवाहो हद्दीत शिरलो आणि आमचा एक तास गळून पडला. दोष कुणाला द्यायचा? चूक सर्वस्वी आमची. रेखावृत्तं आणि प्रमाणवेळ शिकवण्यात हयात घालवलेल्या माझ्याकडे नात बघत राहिली. "आजी, तू जॉग्रफीचीच टीचर होतीस ना?"

दुपारच्या अर्ध्या दिवसाच्या सहलीत चार जागा शिल्लक होत्या, त्या आम्हाला मिळाल्या. नंतर कळलं, की झालं ते बरंच झालं. इथले खडक खरे रंगात येतात ते उतरत्या उन्हात.

आणखी एक गोष्ट त्या खिडकीपाशीच उमगली. मी याला आपली अमेरिकेतली एक राष्ट्रीय बाग समजत होते. ती तशी नाही. हे उद्यान नवाहो लोकांच्या स्वतःच्या सरकारनं १९५८ मध्ये सुरू केलं आणि तेच ते चालवतात. त्यांचा सगळा प्रदेश सुमारे २७,००० चौरस मैल, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ पावपट. उद्यानातल्या १७ मैलांच्या कच्च्या रस्त्यावर तुम्ही स्वतःची गाडी नेऊ शकता. त्याच्या पलीकडे आत जायचं, तर नवाहो वाटाड्याबरोबरच. कारण आत लोकांची घरं आहेत.

हौद्यात बसून

आमची गाडी म्हणजे एक मोठा ट्रक. हौद्यात आडवी बाकं टाकलेली, वर कापडी छत, बाजू सताड उघड्या. लोखंडी शिडीवरून चढायचं. पातळ नेसून आणि पायात नातीनं निवडलेले जांभळे बूट घालून मी चढले, तेव्हा मागच्या जर्मन जोडप्यानं टाळ्या वाजवल्या. गाडी उताराला लागली आणि पहिल्या वळणावरच तांबड्या धुळीचा लोट आत आला. मी पदर तोंडाला घट्ट गुंडाळून घेतला. दहा मिनिटांत सगळ्यांनी रुमाल, मफलर, हाताला लागेल ते तोंडाला बांधलं. उन्हाळ्यात एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून काढलेली वर्षं अशी कामी आली.

आणि मग समोर आले ते फळ्यावरचे आकार. अंगठा बाजूला काढलेल्या हातमोज्यांसारखे दिसणारे दोन प्रचंड ब्यूट. त्यांना म्हणतातच 'मिटन', म्हणजे हातमोजे. काही सुळके जमिनीपासून हजार फुटांपर्यंत चढलेले. फळ्यावर मी ब्यूट चार इंचांचा काढत असे. खाली उभं राहून वर बघताना मान दुखायला लागली, तेव्हा मला त्या चार इंचांची लाज वाटली.

आमची वाटाडी पन्नाशीची एक नवाहो बाई होती. कानात फिरोजाचे डूल, आवाज खालच्या पट्टीतला. तिनं आधी आपली ओळख सांगितली. आईचं कुळ पहिलं, मग बापाचं, मग दोन्हीकडच्या आजोबांचं. नवाहोंमध्ये मूल आईच्या कुळाचं मानतात. मग तिनं आम्हाला विचारलं, "तुम्ही कुणाच्या?" सुनेनं इंग्रजीतून काही तरी सांगितलं. मला मात्र आमच्याकडच्या बायकांचा पहिला प्रश्न आठवला, 'माहेर कुठलं तुमचं?' आणि त्या बाईची भीड एकदम चेपली.

ती काही दाखवायची ते बोटानं नाही, ओठांनी. ओठ पुढे काढून त्या दिशेला नुसती मान वळवायची. बोट रोखणं त्यांच्यात असभ्य समजतात. ३४ वर्षं मुलांवर छडी आणि बोट रोखलेली मी हात पदराखाली घेऊन बसले.

जॉन फोर्डच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या कड्यापाशी गाडी थांबली. तिथं एका टपरीवर मोठ्या कढईत भटुऱ्यासारखी फुगलेली रोटी तळत होते. फ्राय ब्रेड. नातीनं हट्टानं घ्यायला लावली. खाता खाता वाटाडी सांगत होती. १८६४ मध्ये अमेरिकन सैन्यानं नवाहोंची शेतं जाळली, मेंढरं मारली, आणि आठ हजारांहून अधिक माणसांना सुमारे तीनशे मैल पायी हाकत न्यू मेक्सिकोतल्या एका छावणीत नेलं. वाटेत किती तरी मेली. छावणीतलं पाणी खारट. ते पिऊन माणसं आजारी पडत. शिधा म्हणून सरकारकडून मिळायचं पांढरं पीठ आणि चरबी. मक्यावर वाढलेल्या बायकांना त्या पिठाचं काय करायचं ते कळेना. त्यातून ही रोटी निघाली. १८६८ च्या जूनमध्ये तह झाला आणि उरलेली माणसं घरी परतली. "आता पाहुणे ती हौसेनं खातात. आम्हीही खातो," ती म्हणाली.

घास माझ्या तोंडातच फिरत राहिला. १९७२ च्या दुष्काळात आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि रेशनवर अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापली तर फाटायची, खाल्ली तर घशाखाली उतरायची नाही. आईनं त्यात कधी गूळ, कधी चिंच घालून आम्हाला ती खायला शिकवलं. मी हे सांगितलं. मुलानं इंग्रजी केलं. ती बाई काही बोलली नाही. तिनं आपल्या पानातला अर्धा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

निळे ड्रम

पुढे मोठा रस्ता सुटला आणि ट्रक वाळूत शिरला. एका खडकाच्या आडोशाला तिच्या मावशीचं होगान होतं. होगान म्हणजे नवाहोंचं परंपरागत घर. लाकडाचे ओंडके रचून वरून मातीनं लिंपलेलं, घुमटासारखं. दार नेहमी पूर्वेला, म्हणजे सूर्य थेट घरात येतो. आत मावशी मागावर बसून लोकरीचं जाजम विणत होत्या. सगळे त्यांचे हात पाहत होते. माझं लक्ष मात्र बाहेर होतं. भिंतीला टेकून सहा निळे प्लॅस्टिकचे ड्रम उभे होते आणि शेजारच्या जुन्या पिकअपच्या हौद्यात एक पांढरी टाकी दोरीनं बांधलेली होती.

हे दृश्य मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी फक्त विचारलं, "किती लांबून?"

"वीस मैल. आठवड्यातून दोनदा. मेंढरं असतील तर तीनदा."

जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात हे. नवाहो प्रदेशात सुमारे ३० टक्के घरांमध्ये आजही नळ नाही. मग जवळपासच्या विहिरी? त्याचंही उत्तर तिच्याकडे होतं. १९४४ पासून १९८६ पर्यंत या प्रदेशातून जवळजवळ तीन कोटी टन युरेनियमचं खनिज काढलं गेलं. अणुबाँबसाठी ते हवं होतं. खाणीत उतरले ते इथलेच पुरुष. धोका काय, ते त्यांना कुणी सांगितलं नाही. कंपन्या गेल्या, पाचशेहून अधिक खाणी तशाच राहिल्या आणि कित्येक विहिरींच्या पाण्यात ते विष उतरलं. २००५ मध्ये नवाहो सरकारनं युरेनियमच्या खाणकामावर बंदी घातली. पण जे पाण्यात गेलं, ते गेलं.

आम्ही तिथं गेलो, त्याच्या चारच महिने आधी, २२ जून २०२३ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला होता. नवाहोंचं म्हणणं असं, की १८६८ च्या तहानं आम्हाला कायमचं घर दिलं. मग त्या घराला पाणी कुठून, हे पाहणं सरकारचं कर्तव्य नाही का? न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की तहात तसं बंधन नाही. वाटाडी हे रागानं सांगत नव्हती. 'यंदा टँकर उशिरा आला' हे आमच्या वाडीतल्या बायका जशा सांगतात, तशी सांगत होती. आणि मी मनाशी विचार करत होते, की नकाशावर या भागाला फिकट पिवळा रंग देऊन मी किती वर्षं शिकवलं: 'ओसाड प्रदेश, लोकवस्ती विरळ.' विरळ म्हणजे कोण, आणि ती माणसं पितात काय, हा प्रश्न ना पुस्तकात होता, ना माझ्या डोक्यात.

नाव वाऱ्याचं, काम पाण्याचं

तिथून थोड्याच अंतरावर ट्रक एका उंच लाल भिंतीपाशी थांबला. भिंतीच्या वरच्या अंगाला एक अजस्र भोक, त्यातून निळंभोर आभाळ दिसत होतं. या कमानीचं नाव 'वाऱ्याचा कान'. आकारही अगदी कानासारखा. मी या क्षणाची वाटच पाहत होते म्हणा ना! नातीला जवळ घेतलं आणि सुरू केलं, "हे बघ, वारा वाळूचे कण घेऊन येतो आणि पॉलिश पेपरनं लाकूड घासावं तसा…"

नातीनं ते उत्साहानं इंग्रजीत वाटाडीला सांगितलं. ती हसली. "नाव वाऱ्याचं आहे. काम पाण्याचं आहे," ती म्हणाली.

मग तिनं ओठांनी दाखवायला सुरुवात केली. भोकाच्या कडेवरून खाली काळे पट्टे उतरले होते. ते पावसाचं पाणी वाहून गेल्याच्या खुणा. हे पाणी वाळूच्या दगडात झिरपतं आणि कणाला कण धरून ठेवणारा चुना विरघळवतं. हिवाळ्याच्या रात्री फटीतलं पाणी गोठतं, फुगतं आणि पाचर ठोकावी तसा दगड फोडतं. लांबवर दिसणारे ब्यूटही तसेच. त्यांच्या पायथ्याशी उताराचा, पायऱ्यापायऱ्यांचा थर आहे तो मऊ चिखलदगडाचा. पावसाचं पाणी तो पोखरतं. पायाच गेला, की वरच्या वाळूच्या दगडाचा उभाच्या उभा तक्ता निखळून खाली येतो. म्हणून तर या भिंती इतक्या सरळ. माथ्यावर कठीण दगडाची टोपी असेल तोवर सुळका टिकतो. एके काळी हे सगळं एकसंध पठार होतं. मधलं जे आज नाही, ते ओढ्यानाल्यांनी सॅन ह्वान नदीत आणि तिथून कोलोरॅडो नदीत नेऊन टाकलं. वाऱ्याचा वाटा त्यात थोडाच. सुटी झालेली धूळ झाडून नेण्यापुरता.

"म्हणजे वाऱ्यानं काहीच केलं नाही?" मी विचारलं. माझा आवाज जरा पडलाच असावा.

तिनं भिंतीवरच्या तिरप्या रेघांकडे ओठ वळवले. एकावर एक, कलत गेलेल्या बारीक रेघा. वाळूच्या टेकड्या सरकत जातात तेव्हा अशा रेघा पडतात. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी इथं वाळूच्या टेकड्यांचं रान होतं. ती वाळू वाऱ्यानं आणून घातली. पुढे ती गाडली गेली, दाबली गेली, तिचा दगड झाला. लोहाच्या गंजानं लाल झाला. म्हणजे वाऱ्यानं बांधलं आणि पाण्यानं कोरलं. मी संचयनाच्या प्रश्नाचं उत्तर ३४ वर्षं खननाच्या रकान्यात लिहून घेत होते.

आणि तिथं, धुळीनं माखलेल्या जांभळ्या बुटांत उभी असताना, मला तो मागच्या बाकावरचा पोरगा दिसला. त्याचा प्रश्न बरोबर होता. आमचे माणचे डोंगर काळ्या कातळाचे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. जात वेगळी, पण कारागीर तोच. मऊ थर झिजतो, कठीण थराचा माथा सपाट राहतो, आणि झिजवणारं असतं ते पाणी. ज्या गावात प्यायला पाणी नाही, त्या गावाचे डोंगर पाण्यानं घडवलेले असतील, हे माझ्या मनातच आलं नाही. मेसा म्हणजे अमेरिकेत असतो, असं शिकवताना तो माझ्या खिडकीत उभा होता.

परतताना पश्चिमेला एक ढग दिसला. वर्षाकाठी इथं जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या दुष्काळी माणच्या निम्म्याहून कमी. जुलै ते सप्टेंबरमधल्या पावसाला इथंही 'मॉन्सून'च म्हणतात. वाटाडी म्हणाली, आमच्यात पाऊस दोन प्रकारचा. कडाडत येऊन माती वाहून नेतो तो नर पाऊस. रिमझिम पडून जमिनीत मुरतो तो मादी पाऊस. मी म्हटलं, "आमच्याकडे पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. सासूचा पाऊस वेगळा आणि सुनेचा वेगळा!" हे भाषांतर करताना माझी सून अडखळली, पण त्या बाईला बरोबर समजलं. ट्रक चालवता चालवता ती किती तरी वेळ हसत होती.

उतरलो तेव्हा ऊन कलंडलं होतं आणि दोन्ही हातमोजे विस्तवासारखे पेटले होते. नातीनं विचारलं, "आजी, आता तू तुझ्या मुलांना काय सांगणार?"

ते मी मनावर घेतलं. परत आल्यावर चौकशी केली, तर तो मुलगा आठवडी बाजारात भेटेल असं कळलं. मुलगा कसला, पंचावन्नच्या पुढचा गडी; डोक्याला पटका, मिशा पांढऱ्या. अजून मेंढरंच राखतो. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्याचा प्रश्न, माझं उत्तर, अमेरिका, वाऱ्याचा कान, पाणी. म्हटलं, "तुझं बरोबर होतं रे. मी तुला उगाच खाली बसवलं."

तो संकोचला. "आता बाई, मला तर काय आठवत बी न्हाई." मग थोडा वेळ जमिनीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पर त्यांच्या मेंढरांना पाणी वीस मैलांवनं आणत्यात म्हणता… मग उन्हाळ्यात कसं करत्यात वो?"

पुन्हा मला उत्तर येत नव्हतं. पण या वेळी मी त्याला खाली बसवलं नाही. शेजारच्या ओट्यावर आम्ही दोघंही बसलो आणि चहा सांगितला.